वाढीचा हिशेब एकत्र मांडूया

वाकड आणि बालेवाडी यांच्यामधून मुळा नदी वाहते. तिचा उत्तरेकडचा काठ पिंपरी-चिंचवड महापालिकेचा आणि दक्षिणेकडचा पुणे महापालिकेचा. वाकड ओलांडून थोडे पुढे गेले की हिंजवडी आणि माण ही मुळशी तालुक्यातली गावे लागतात. तिथला गावकारभार ग्रामपंचायतींचा, आयटी पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे, पार्काबाहेरची बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) आणि शेजारून जाणारा मुंबई-बंगळूर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. बालेवाडीत राहून हिंजवडीत नोकरी करणारा माणूस रोज सकाळी अशा चार-पाच हद्दी ओलांडतो, आणि त्याला त्या कळतही नाहीत. त्या कळतात पाऊस झोडपतो तेव्हा. २०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीतले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा नैसर्गिक नाले कुणी अडवले, मोऱ्या कुणी मोठ्या करायच्या आणि खर्च कुणी उचलायचा, हे ठरवायला कितीतरी कार्यालयांना एकत्र बसावे लागले. डोंगरउतारावरून निघालेले पाणी गटनंबर किंवा वॉर्ड पाहून थांबत नाही. वाहनांची रांग, कचऱ्याचा ट्रक, नदीत सोडलेले सांडपाणी, घरांच्या किमती यांतले काहीच हद्द पाहून थांबत नाही. कारभार मात्र हद्दीपाशी थांबतो.

पुणे आता एक शहर उरलेले नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. आसपासचा नागरी भाग धरून हा आकडा ५० लाखांच्या पुढे गेला होता. १९९१ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये जेमतेम पाच लाख लोक राहत होते, म्हणजे वीस वर्षांत तिथे तिपटीहून अधिक वाढ झाली. या दोन महापालिकांशिवाय पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळे आहेत; लोणावळा, तळेगाव दाभाडे, चाकण, आळंदी, राजगुरुनगर अशा नगरपरिषदा आहेत; मावळ, मुळशी आणि हवेलीपासून खेड, शिरूर, दौंड, पुरंदर, भोर आणि वेल्ह्यापर्यंत (आताचा राजगड तालुका) पसरलेल्या शेकडो ग्रामपंचायती आहेत. हे सगळे शेजारी एकमेकांच्या वाढीवर जगतात आणि एकमेकांच्या वाढीचा त्रासही सोसतात. त्यांच्यात समन्वय हवा, हे वाक्य प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात सापडते. तरीही तो होत नाही. याचे कारण मला अधिकाऱ्यांच्या आळसात किंवा पक्षांच्या भांडणात दिसत नाही. वाढीचा पैसा एका ठिकाणी जमा होतो आणि तिचा भार दुसऱ्या ठिकाणी पडतो, हे खरे कारण आहे. या दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच वहीत मांडला जात नाही तोवर कितीही सुबक आराखडे काढले तरी ते कागदावरच राहतील.

याची सर्वांत जुनी साक्ष पाणी देते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. हेच पाणी पुणे शहर पिते आणि याच पाण्यावर मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड आणि इंदापूरची शेती भिजते. शहर फुगत गेले तसा त्याचा वापर वाढला आणि कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचे आवर्तन लांबत किंवा आखडत गेले. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी तीच ओढाताण होते. यातून मार्ग काढण्यासाठी एक शहाणा करार झाला होता: शहराने वाढीव पाणी घ्यावे आणि त्याबदल्यात साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावे. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधण्यात आली. मुळा-मुठेतले पाणी तिथून उचलायचे आणि जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे लोक ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात, सोडायचे अशी ही योजना. शहराने घ्यावे आणि शहराने परत द्यावे ही तिच्यामागची कल्पना शेजारधर्माची आहे. पण शहरातले सगळे मैलापाणी शुद्ध होत नसताना नदीतून उचललेले पाणी निर्मळ कसे असेल? कालव्याकाठच्या गावांनी पाण्याच्या वासाच्या, फेसाच्या आणि विहिरी बिघडल्याच्या तक्रारी केल्या. किती पाणी दिले यावर महापालिका आणि जलसंपदा विभाग यांचे आकडे जुळेनात. करारात पाणी मोजण्याची सोय होती. मात्र ते कसल्या प्रतीचे आहे हे तपासून मोबदला किंवा दंड ठरवण्याचा अधिकार ते पाणी घेणाऱ्या गावांकडे नव्हता. हाच नमुना खाली नदीभर चालू राहतो. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. पुण्याने वाचवलेला शुद्धीकरणाचा खर्च अशा रीतीने सोलापूरकराच्या घरात पोचतो.

पाण्याच्या दुसऱ्या गोष्टीत माणसांचे जीव गेले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला येणारे पाणी नदीपात्रातून वाहत येते आणि रावेतला उचलले जाते. त्याऐवजी बंद जलवाहिनीने ते थेट आणावे, म्हणजे गळती आणि प्रदूषण टळेल, हा विचार तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता. पण नदीत वाहणाऱ्या पाण्यावर मावळातल्या काठच्या शेतकऱ्यांचे उपसा पंप चालत होते. पाणी पाइपात गेले तर नदीत काय उरेल, या त्यांच्या प्रश्नाला भरवशाचे उत्तर कुणी दिले नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. प्रकल्प ठप्प झाला आणि अनेक वर्षे ठप्पच राहिला. पुण्याच्या पूर्व भागासाठी आखलेली भामा आसखेड योजनाही खेड तालुक्यातल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नावर वारंवार अडली आणि तिचे पाणी २०२१ मध्ये शहरात आले. ग्रामीण भागाला शहराबद्दल आकस आहे, असा या घटनांचा अर्थ काढणे सोपे आहे. पण दोन्ही ठिकाणी आधी काम सुरू झाले आणि देण्याघेण्याचे बोलणे नंतर. ज्याच्या दारातून पाणी जाणार त्याचा वाटा पहिल्या दिवशी लिहून दिला असता, तर वर्षे वाया गेली नसती आणि कदाचित माणसेही वाचली असती.

कचऱ्याची कथा याहून उघडी आहे. पुण्याचा कचरा तीन दशके उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला. तिथे कचऱ्याचे डोंगर झाले, त्यांना आगी लागत राहिल्या, भूजल नासले आणि गावांना टँकरवर जगावे लागले. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की शहरातल्या पेठांत कचरा साचायचा, आश्वासने दिली जायची आणि गाड्या पुन्हा सुरू व्हायच्या. २०१७ मध्ये ही दोन्ही गावे इतर नऊ गावांबरोबर महापालिकेत घेण्यात आली. शहराचा कचरा सोसणारी गावे शहराचा भाग झाली, म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. प्रत्यक्षात मिळकतकर शहराच्या दराने आला आणि पाणी, ड्रेनेज, रस्ते मात्र त्या वेगाने आले नाहीत. शेवटी दोन्ही गावांनी बाहेर पडण्याची मागणी लावून धरली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. सात वर्षांत आत घेतलेले गाव पुन्हा बाहेर पडते, यातून धोरण आखणाऱ्यांनी धडा घ्यायला हवा.

अनेक जाणकार सुचवतात की सगळी गावे महापालिकेत घ्या, म्हणजे हद्दींचा प्रश्नच उरणार नाही. हिंजवडीच्या रहिवाशांपैकी पुष्कळांची हीच मागणी आहे आणि तिच्यामागची अगतिकता खरी आहे. पाच-सहा हजार वस्तीसाठी बेतलेल्या ग्रामपंचायतीने लाखो नोकरदारांची ये-जा कशी पेलावी? म्हणून काही गावांसाठी विलीनीकरण हा योग्य उपाय असू शकतो. पण तो सगळ्या विभागाचा उपाय होऊ शकत नाही. जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुण्यात आली आणि क्षेत्रफळाने पुणे महापालिका राज्यातली सर्वांत मोठी ठरली. त्याच वेळी या गावांसाठी नियोजनाचा अधिकार पीएमआरडीएकडे ठेवण्यात आला. म्हणजे तिथे इमारती उभ्या राहताना विकासशुल्क एका संस्थेकडे जाणार आणि त्या इमारतींत राहायला आलेल्यांना पाणी, रस्ता आणि ड्रेनेज देण्याची जबाबदारी दुसऱ्या संस्थेवर येणार. ज्याच्या हातात पैसा त्याच्या अंगावर काम नाही आणि ज्याच्या अंगावर काम त्याच्या हातात पैसा नाही, अशी ही रचना. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला आणि पुणे परिसरात दोनशेच्या घरात संशयित रुग्ण आढळले. दूषित पाण्याचा संशय बळावला, तेव्हा नांदेड, किरकटवाडी या २०२१ मध्येच महापालिकेत आलेल्या गावांना शुद्धीकरण केंद्रातून न गेलेले, विहिरीत घेऊन केवळ क्लोरीन टाकलेले पाणी मिळत असल्याचे सगळ्या शहराला कळले. खडकवासला धरण या गावांच्या उशाशी आहे. नकाशावरची रेघ एका अधिसूचनेने सरकते, जलवाहिनी सरकत नाही. आणि समजा सगळी हद्द एक केली, तरी भाताची खाचरे, सह्याद्रीचे उतार, उसाचे मळे आणि कारखाने एका महापालिकेच्या सभागृहातून कसे चालवणार? शेतकऱ्याचा आणि डोंगराचा आवाज तिथे मतांच्या गणितातच हरवेल.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे. एक बलवान प्राधिकरण नेमा, राजकारण बाजूला ठेवा, तज्ज्ञांना ठरवू द्या, असे म्हणणाऱ्यांची संख्या शहरी मध्यमवर्गात मोठी आहे. मुंबईला असे प्राधिकरण १९७५ पासून आहे. पुण्याला ३१ मार्च २०१५ रोजी पीएमआरडीए मिळाले. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष आहेत आणि त्याचे क्षेत्र स्थापनेच्या वेळी सात हजार चौरस किलोमीटरहून मोठे होते. या प्राधिकरणाने काही कामे जरूर उभी केली. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे काम त्याचेच. म्हाळुंगे-माणची नगररचना योजनाही त्याचीच, आणि तिच्यात जमीनमालकांना विस्थापित न करता जमिनी एकत्र करून, रस्ते आणि सुविधांसाठी जागा काढून, उरलेले विकसित भूखंड त्यांनाच परत देण्याची पद्धत वापरली आहे. पण ज्या मुख्य कामासाठी प्राधिकरण जन्माला आले त्या विकास आराखड्याचे काय झाले? प्रारूप आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यावर हजारो हरकती आल्या. लोकनियुक्त सदस्यांच्या महानगर नियोजन समितीला डावलून तो केला, या आक्षेपावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. दहा वर्षे गेली आणि विभाग आराखड्याविना वाढत राहिला. वेगासाठी लोकांना बाजूला ठेवले आणि वेगही मिळाला नाही. ज्यांच्या जमिनीवर रेघा मारायच्या त्यांना रेघा मारताना बोलावले नाही, तर ते हरकतींच्या रांगेत आणि न्यायालयात भेटतातच.

या प्रकरणात जिचे नाव आले ती महानगर नियोजन समिती सर्वसामान्य वाचकाच्या कानावर फारशी गेलेली नसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दहा लाखांवर लोकसंख्येच्या प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी अशी समिती सक्तीची केली. तिचे किमान दोनतृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे प्रमुख यांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे असतात, तेही शहर आणि गाव यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. पालिका आणि पंचायती यांच्या सामाईक हिताच्या बाबी, जमिनीच्या वापराचे एकत्रित नियोजन, पाणी आणि इतर नैसर्गिक संपत्तीचे वाटप, पर्यावरणाचे रक्षण हे सगळे घटनेने या समितीच्या कामात स्पष्ट लिहिले आहे. राज्याचा त्यासंबंधीचा कायदा १९९९ मध्ये आला. पुण्याच्या ४५ सदस्यांच्या समितीतल्या ३० निर्वाचित जागांसाठी २०२१ मध्ये निवडणूकही झाली. पण थोड्याच महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये, दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे तिथे प्रशासकांचे राज्य होते. नगरसेवकच नसतील तर त्यांच्यातून निवडलेली समिती कुठून चालणार? शेजाऱ्यांनी एकत्र बसायची जागा घटनेने दिली आहे. तिला स्वतःचे कार्यालय, स्वतःचे तज्ज्ञ आणि स्वतःचा पैसा मात्र दिलेला नाही.

शेजाऱ्यांचे सहकार्य म्हणजे स्वप्नरंजन, असे कुणाला वाटत असेल तर त्याने पुण्याच्या रस्त्यावरून जाणारी बस पाहावी. पूर्वी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी अशा दोन वेगळ्या सेवा होत्या. २००७ मध्ये त्या एक होऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तिच्यात पुणे महापालिकेचा वाटा साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा चाळीस टक्के, आणि तोट्याची भरपाईही याच प्रमाणात. पीएमपीच्या सेवेत उणिवा भरपूर आहेत. गाड्या कमी पडतात आणि बंद पडतात. पण दोन्ही महापालिकांत सत्तांतर झाल्यावरही ही व्यवस्था मोडली नाही, कारण देण्याघेण्याचे प्रमाण आकड्यात ठरलेले होते. निगडीहून स्वारगेटला जाणाऱ्या प्रवाशाला मधली हद्द जाणवत नाही. याच व्यवस्थेची दुसरी बाजूही बोलकी आहे. २०२२ च्या अखेरीस तोट्याचे कारण देऊन पीएमपीने काही ग्रामीण मार्ग बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि कॉलेजच्या मुलांची, भाजी घेऊन मार्केटयार्डला येणाऱ्यांची तारांबळ उडाली. ज्या गावांचा कंपनीत वाटाच नव्हता, त्यांचे मार्ग सर्वांत आधी कात्रीत सापडले. जिथे वाटा ठरला तिथे सेवा टिकली आणि जिथे ठरला नाही तिथे ती मेहेरबानीवर उरली.

हाच नियम उत्पन्नालाही लावता येतो आणि जगात तो लावलाही गेला आहे. अमेरिकेत मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारखी जुळी शहरे. तिथल्या सात जिल्ह्यांतली प्रत्येक नगरपालिका कारखाने आणि कार्यालये आपल्याकडे ओढण्यासाठी झगडत असे. १९७१ मध्ये मिनेसोटा राज्याने कायदा केला की त्यानंतर व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिचा चाळीस टक्के भाग सामाईक खात्यात जाईल आणि ज्या वस्तीची करक्षमता कमी तिला त्यातून जास्त मिळेल. जुने उत्पन्न कुणाचेही काढून घेतले नाही. वाटली ती फक्त पुढची वाढ. पन्नास वर्षे होऊन गेली तरी ती व्यवस्था चालू आहे. आणि यासाठी अमेरिकेकडेच पाहायला हवे असेही नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर ठरला नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही आणि खर्चाचा काही भाग प्रत्येकाने आधी भरायचा. दुष्काळी गावांतल्या माणसांनी हे नियम स्वीकारले आणि पाळले, कारण ते सर्वांना सारखे लागू होते आणि ज्याने पाणी घ्यायचे तोच नियम करण्यात सामील होता. त्या पुरंदर तालुक्याचा काही भाग आज याच महानगर विभागात आहे.

यावर एक रोकडा प्रश्न येईल: गावांच्या जमिनींचे भाव वाढले, लोकांनी गुंठे विकून पैसा केला, मग शहराने आणखी का द्यावे? भाव वाढले हे खरे आहे, पण ते जमीनमालकाचे. गावात जमीन नसलेली कुटुंबे असतात, कुळे असतात, भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार असतात आणि सगळ्यांची शाळा, दवाखाना, पाणीयोजना पंचायतीच्या तिजोरीवर चालते. सातबारावरचा मालक श्रीमंत झाला म्हणून त्या तिजोरीत आपोआप काही पडत नाही. शहराने देण्यात शहराचा स्वार्थही आहे. वरच्या गावांनी नाले मोकळे ठेवले, तर खालच्या सोसायट्यांच्या तळघरात पाणी शिरणार नाही. चाकण आणि हिंजवडीजवळ कामगाराला परवडणारे घर मिळाले, तर शहरातले रस्ते तेवढे मोकळे राहतील. इंद्रायणी आणि पवना यांच्या वरच्या पट्ट्यात सांडपाणी शुद्ध झाले, तर आळंदीच्या वारकऱ्याला फेसाळ पाण्यात उतरावे लागणार नाही आणि खालच्या पाणीयोजनांचा खर्चही कमी होईल. शेजाऱ्याला दिलेला हा पैसा दान समजू नये. आपल्याच घराचा पाया भरण्याचा तो खर्च आहे.

म्हणून करायच्या गोष्टी मोजक्या आणि स्पष्ट आहेत. महानगर नियोजन समिती पुन्हा रीतसर उभी करावी आणि पीएमआरडीएने तिचा तांत्रिक हात म्हणून काम करावे. विभागाचा नवा आराखडा समितीने ठरवावा आणि प्राधिकरणाने तो अमलात आणावा. यापुढे विभागात जमा होणारे विकासशुल्क आणि व्यापारी मिळकतकरातली वाढ यांचा ठरावीक हिस्सा सामाईक निधीत जावा आणि ज्या गावात धरण, कचरा प्रकल्प, मैलाशुद्धीकरण केंद्र किंवा राखीव डोंगर आहे त्याला त्यातून हक्काने मिळावा. पाण्याचा, कचऱ्याचा आणि बसचा प्रत्येक करार मुदतीचा, मोजमापाचा आणि सर्वांना वाचता येईल असा असावा, आणि त्याची तपासणी करण्याचा अधिकार भार सोसणाऱ्या बाजूकडे असावा. बस कंपनीत ग्रामीण भागाचाही वाटा आणि आवाज असावा. यातल्या बहुतेक गोष्टींना घटनेचा आधार आधीच आहे; राहिलेल्यांना विधानसभेतली एक दुरुस्ती पुरेल.

जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सभागृहे पुन्हा भरली. आता प्रशासकाचे राज्य आहे ही सबब उरलेली नाही. उड्डाणपूल आणि मेट्रोची आश्वासने तर मिळतीलच, पण त्यांच्याबरोबर प्रत्येक नगरसेवकाला, सरपंचाला आणि आमदाराला एक प्रश्न विचारायला हवा: तुमच्या हद्दीतल्या वाढीतून शेजाऱ्याला किती द्याल, आणि त्याच्यावर पडलेला भार कोणत्या वहीत लिहाल? ज्या दिवशी या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळेल, त्या दिवसापासून पुणे विभागाचे नियोजन खऱ्या अर्थाने सुरू होईल.